युद्धातल्या मृतांचा नकाशा आणि आजचा मतांचा नकाशा: साम्य दिसतं, पण संबंध किती?

प्रश्न असा आहे: एखाद्या देशातल्या कोणत्या भागाने जुन्या युद्धात किती माणसं गमावली याचा नकाशा काढला आणि त्याच्या शेजारी आजच्या निवडणुकीचा नकाशा ठेवला, तर बरेचदा दोन्ही जुळताना दिसतात. मग त्या भागाचा आजचा राजकीय कल त्या जुन्या हानीतून आला, असं म्हणता येईल का?

काही ठिकाणी संबंध खरा आहे आणि नीट तपासलेलाही आहे. पण मृतांच्या आकड्याला स्वतःची दिशा नसते. सारखीच माणसं गमावलेली दोन गावं एक डावीकडे आणि एक उजवीकडे गेल्याची उदाहरणं हवी तितकी सापडतात. त्या मरणांचा दोष कोणाच्या माथी गेला, ती गोष्ट सांगत राहणारं कोणी टिकलं का, आणि ज्यांची माणसं गेली त्यांची मुलंनातवंडं तिथेच राहिली का, यावर दिशा ठरते. नुसते नकाशे जुळले तर त्यामागे बहुतेक वेळा याहून साधं कारण निघतं: भरती कोणाची झाली, आकडे कसे मोजले, आणि शेजारचे भाग एकमेकांसारखे असतातच.

जर्मनीचा नकाशा या बाबतीत फार फसवतो. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत ड्रेस्डेनमध्ये जास्तीत जास्त २५ हजार माणसं मेली, असा शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाचा २०१०चा निष्कर्ष आहे. ड्रेस्डेन ज्या सॅक्सनी राज्यात येतं तिथे फेब्रुवारी २०२५च्या संसदीय निवडणुकीत एएफडी हा कडवा उजवा पक्ष ३७ टक्क्यांच्या वर मतं घेऊन पहिला आला. दोन्ही गोष्टी जोडायचा मोह होतो. पण हॅम्बर्ग बघा. जुलै १९४३च्या अखेरीस तिथे उठलेल्या आगीच्या वादळात आणि आसपासच्या हल्ल्यांत सुमारे ३५ हजार माणसं गेली, म्हणजे ड्रेस्डेनहून जास्त. तिथे एएफडीला मतं मिळाली ११ टक्क्यांच्या आसपास. हा पूर्व आणि पश्चिम जर्मनीतला फरक आहे असं कोणी म्हणेल, म्हणून सॅक्सनीच्या आतच बघू. पोलंडच्या सीमेवरचं गॉर्लिट्स युद्धातून जवळजवळ ओरखडाही न उमटता वाचलं. जुन्या इमारती इतक्या शाबूत की चित्रपटवाले तिथे शूटिंगला जातात. त्या गॉर्लिट्सच्या भागात एएफडीला ड्रेस्डेन शहरापेक्षा कितीतरी जास्त मतं पडतात. हानी हेच कारण असतं तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं.

ड्रेस्डेनच्या बॉम्बहल्ल्याला राजकारण चिकटलेलं आहे, यात शंका नाही. पण ते मृतांच्या संख्येमुळे चिकटलेलं नाही. पूर्व जर्मनीच्या सरकारने शीतयुद्धात हा हल्ला 'अँग्लो-अमेरिकन दहशत' म्हणून मांडला. पुढे निओ-नाझींनी तीच गोष्ट उचलली आणि दर १३ फेब्रुवारीला मोर्चे काढले. त्यांना अडवायला २०१०पासून शहरातले नागरिक त्याच दिवशी मानवी साखळी धरतात. एकच शहर, एकच रात्र, तेच मृत, आणि त्यांच्या नावाने एकमेकांच्या विरोधात उभे राहिलेले दोन जमाव.

जपानमध्ये हाच प्रकार दुसऱ्या अंगाने दिसतो. १९४५च्या एप्रिल ते जून या काळातल्या लढाईत ओकिनावाची सुमारे चौथा हिस्सा लोकसंख्या मेली. हिरोशिमात १९४५च्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. आज ओकिनावा हा टोकियोच्या संरक्षण धोरणाला सर्वांत चिवट विरोध करणारा प्रांत आहे. हेनोको इथल्या नव्या अमेरिकी तळासाठी समुद्रात भराव घालावा का, यावर फेब्रुवारी २०१९मध्ये घेतलेल्या सार्वमतात ७२ टक्के मतं विरोधात पडली. उलट हिरोशिमाच्या पहिल्या मतदारसंघाने १९९६पासून सतत निवडून दिलं ते फुमिओ किशिदा यांना, सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्याला, जे पुढे पंतप्रधान झाले. मग हिरोशिमावर परिणाम झालाच नाही का? झाला, पण पक्षाच्या रकान्यात तो दिसत नाही. अण्वस्त्रबंदीच्या प्रश्नावर शहराचे महापौर, पक्ष कोणताही असो, दशकानुदशकं एकच बाजू मांडत आलेत. म्हणजे पक्षांच्या मतांचा नकाशा काढला असता तर खरा परिणाम हातातून निसटला असता.

आणि ओकिनावाचा विरोध तरी १९४५चा आहे का? बेट १९७२पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर आज अमेरिकी सैन्याच्या खास वापरातल्या तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. विमानांचा आवाज, अपघात, गुन्हे, बळकावलेल्या जमिनी हे सगळं आजचं आहे. लढाईच्या आठवणीने त्याला शब्द दिले, धार दिली; पण तळ नसते तर त्या आठवणीला मतपेटीत काय काम होतं, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. संशोधनात याला गोंधळात टाकणारा घटक म्हणतात. हानी आणि मत या दोघांशीही त्याचं नातं असतं.

पहिल्या महायुद्धाकडे वळलं की दिशेचा प्रश्न आणखी उघडा पडतो. जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मेले. मृतांचं प्रमाण जास्त असलेल्या भागांत पुढे राष्ट्रवादी पक्षांना मतं जास्त पडली, असा निष्कर्ष अलीकडच्या अभ्यासांत निघाला आहे. इटलीचे सहा लाखांच्या वर सैनिक मेले. तिथे हानी जास्त झालेल्या गावांत १९१९मध्ये समाजवाद्यांना मतं जास्त मिळाली. त्या निवडणुकीत समाजवादी ३२ टक्के मतं आणि १५६ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष झाले. मग त्या लाल लाटेला घाबरलेले जमीनदार आणि मध्यमवर्गीय त्याच गावांत फॅसिस्टांकडे वळले. युद्ध एक, मरण एक. जर्मनीत 'आपल्याला घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला' ही गोष्ट रुजली. इटलीत 'या युद्धात आपल्याला ढकललंच कोणी' हा प्रश्न आधी आला. शिवाय इटलीत एकाच हानीचे परिणाम पाच वर्षांच्या आत उलटसुलट दिसतात. तुमचा नकाशा कोणत्या वर्षाच्या निवडणुकीचा आहे यावर उत्तर बदलणार असेल, तर एकाच वर्षाचा नकाशा दाखवून काही सिद्ध होत नाही.

व्हर्दंचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १९१६च्या त्या लढाईत फ्रेंच सैन्याने रेजिमेंटांची पाळी लावली होती: एक तुकडी थकली की मागे, नवी पुढे. त्यामुळे फ्रेंच सैन्याचा फार मोठा भाग आळीपाळीने तिथे जाऊन आला. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलअखेर तिथली सूत्रं फिलिप पेतँ यांच्याकडे होती, नंतर ती बदलली. कोणाच्या हाताखाली कोणती रेजिमेंट लढली हे पाळीच्या वेळापत्रकावर ठरलं, त्या गावांच्या राजकारणावर नाही. १९४०मध्ये हेच पेतँ जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या विशी सरकारचे प्रमुख झाले. ज्या गावांच्या रेजिमेंटा व्हर्दंला पेतँच्या हाताखाली लढल्या होत्या, तिथे जर्मनांना साथ देणाऱ्यांचं दरडोई प्रमाण इतर गावांपेक्षा ७ ते १० टक्क्यांनी जास्त निघालं. व्हर्दंला दुसऱ्या सेनापतीच्या हाताखाली लढलेल्यांचीही माणसं तिथेच मेली होती, पण तो परिणाम तिथे नाही. दिशा त्या वीरपुरुषाशी जुळलेल्या नात्यातून आली.

आता आकड्यांकडे येऊ, कारण बहुतेक नकाशे इथेच कोसळतात.

आधी अंश, म्हणजे मृतांची संख्या. फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाच्या नोंदींत पहिल्या महायुद्धातल्या तेरा लाखांवर मृतांची कार्डं आहेत. कार्डावर जन्मस्थान असतं. गावच्या स्मारकावर मात्र बहुधा तिथे राहणाऱ्यांची नावं असतात. फरक किरकोळ वाटतो, पण क्रूज हा मध्य फ्रान्समधला जिल्हा घ्या. तिथले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला आणि लियाँला कामाला जात, पुष्कळसे तिथेच स्थायिक होत. क्रूजमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये संसार थाटलेला गवंडी मेला तर कार्डाप्रमाणे हानी क्रूजची. विधवा, मुलं आणि त्यांची मतं पॅरिसची. जन्मस्थानावरून काढलेला नकाशा अशा स्थलांतराच्या जिल्ह्यांना हटकून गडद रंग देतो. स्मारकांवरून मोजायचं तर एकच नाव जन्मगावी, राहत्या गावी, चर्चमध्ये आणि कारखान्यात अशा चार ठिकाणी कोरलेलं असू शकतं. नाव, जन्मतारीख आणि मृत्युदिनांक या तिन्हींवरून जोड्या लावून दुबार नोंदी काढल्याशिवाय बेरीज करू नये.

जर्मन जीवितहानी याद्या सुमारे ३१ हजार पानांच्या आहेत आणि वंशावळी शोधणाऱ्या हौशी मंडळींनी त्या नावागणिक उतरवून काढल्या आहेत. मोठंच काम. पण त्या याद्यांत मृत, जखमी, बेपत्ता, युद्धकैदी सगळे एकत्र आहेत आणि एकच माणूस आधी बेपत्ता, मग कैदी, मग दुरुस्ती म्हणून तीनदा येतो. त्यावरून थेट 'मृतांचा' नकाशा काढणं चूक आहे. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानांच्या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांचे मिळून १७ लाख मृत नोंदलेले आहेत, पण आईवडिलांचा किंवा पत्नीचा पत्ता बऱ्याच नोंदींत नाही, कारण तो युद्धानंतर कुटुंबाला फॉर्म पाठवून मागवला होता. उत्तर आलं नाही तर रकाना रिकामा. घर बदललेली, लिहितावाचता न येणारी, गरीब कुटुंबं तिथे आपोआप गळतात, आणि नकाशात त्यांच्या वस्त्या फिक्या दिसतात. अमेरिकी नोंदीत 'घरचा पत्ता' म्हणजे सैन्यात दाखल होताना दिलेला पत्ता. वाढला कुठे हे त्यातून कळेलच असं नाही.

कधीकधी राजकारणच आकडा घडवतं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी हा प्रांत आहे, तिथले लोक ब्रेतों. तिथल्या सँत-आन-दोरे इथल्या मोठ्या स्मारकाशी २ लाख ४० हजार ब्रेतों मृतांचा आकडा जोडलेला आहे. इतिहासकारांची मोजणी १ लाख ३० हजार ते दीड लाखाच्या घरात येते. 'पॅरिसने आमची पोरं तोफेच्या तोंडी दिली' ही भावना फुगवलेल्या आकड्याबरोबर पसरत गेली. असा आकडा घेऊन ब्रेतों राष्ट्रवादाशी संबंध तपासला तर संबंध सापडणारच; तो आधीच आकड्यात घातलेला आहे.

मग छेद. भागिले एकूण लोकसंख्या करू नका. भागिले युद्धाआधीच्या जनगणनेतले लष्करी वयाचे पुरुष, फ्रान्ससाठी म्हणजे १९११ची जनगणना. मुलं जास्त असलेल्या भागात एकूण लोकसंख्येवरचा दर खोटाच कमी दिसतो. शक्य असेल तर तिसरा दरही काढा: प्रत्यक्ष भरती झालेल्यांपैकी किती मेले. कारण 'जास्त माणसं पाठवली' आणि 'पाठवलेल्यांतली जास्त मेली' या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात त्या भागाचं आधीचं राजकारण, गरिबी, देशभक्ती, पोलिसांचा धाक हे सगळं मिसळलेलं असतं. दुसऱ्यात नशिबाचा वाटा जास्त, म्हणून कारण शोधायला तो दर अधिक कामाचा.

भरतीचं हे मिश्रण किती खोल असतं पाहा. फ्रान्सने १९१४मध्ये सरसकट सगळ्यांना उचललं आणि लवकरच लक्षात आलं की तोफगोळे बनवायला कारागीर उरले नाहीत. ऑगस्ट १९१५च्या दाल्बिएझ कायद्यानंतर लाखो धातुकामगार सैनिक म्हणून नोंदलेले राहून कारखान्यात परतले. शेतकऱ्याला अशी वाट नव्हती. तो पायदळातच राहिला, आणि मरण पायदळात होतं. परिणामी हानीचा नकाशा बऱ्याच अंशी 'शेती किती, कारखाने किती' याचा नकाशा आहे. शेती आणि कारखाने हे तर आजही मतं ठरवतात. युद्ध झालंच नसतं तरी दोन्ही नकाशे काही प्रमाणात जुळले असते. इटलीतही कारखान्यातल्या कामगाराला सूट आणि शेतमजुराला खंदक, असाच हिशेब होता.

याच शेतकरी फ्रान्समध्ये एक जोडी आहे जी कुठल्याही सरळ सूत्राला छेद देते. लोझेर हा डोंगराळ, कॅथलिक जिल्हा फ्रान्समध्ये हानीच्या प्रमाणात वरच्या टोकाला मोजला जातो. त्याच्या वायव्येला थोड्या अंतरावर क्रूज, तोही शेतकऱ्यांचा, तोही भरपूर माणसं गमावलेला. लोझेरमध्ये चर्चचं वजन होतं, आणि जिल्हा दीर्घकाळ उजव्यांकडे राहिला. क्रूजमधल्या जाँतियू गावात १९२२मध्ये स्मारक उभं राहिलं ते असं: नावांच्या यादीसमोर ब्राँझचा एक अनाथ शाळकरी मुलगा, पायात लाकडी बूट, एका हातात टोपी, दुसऱ्या हाताची मूठ आवळून यादीखालच्या ओळीकडे रोखलेली. ओळ आहे: 'युद्धाला शाप असो.' हा भाग पुढे डाव्यांचा बालेकिल्ला होता. पण तो युद्धाआधीही डावाच होता. पॅरिसहून परतणाऱ्या गवंड्यांनी तिथले विचार कधीच गावात आणले होते. हानीने आधीच्या प्रवृत्तीला भाषा दिली, नवी प्रवृत्ती जन्माला घातली नाही.

म्हणून एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा: हानीचा आकडा युद्धाआधीच्या निवडणुकीशी ताडून बघा. फ्रान्ससाठी १९१४च्या वसंतातली, जर्मनीसाठी १९१२ची, इटलीसाठी १९१३ची. मेलेली माणसं भूतकाळातल्या मतांवर परिणाम करू शकत नाहीत. युद्धाआधीच्या मतांशीही हानीचा तितकाच घट्ट संबंध निघाला, तर तुमच्या हाती लागलंय ते दोन्हींच्या मागचं जुनं कारण. निघाला नाही, तर पुढे तपासायला अर्थ आहे. ही तपासणी एका दुपारचं काम आहे आणि निम्म्याहून अधिक दावे इथेच संपतात, असं मी बेधडक म्हणेन.

लहान गावांचा घोळ वेगळा. समजा मृत्यूचा खरा धोका सगळीकडे सारखाच ३.५ टक्के आहे. ३०० पुरुषांच्या गावात सरासरी साडेदहा मृत्यू अपेक्षित. केवळ योगायोगाने ते ७ ते १४च्या दरम्यान कुठेही सहज पडतील, म्हणजे दर २.३ ते ४.७ टक्के. क्वचित ४ किंवा १७ही. ५० हजार पुरुषांच्या शहरात मात्र दर ३.४ ते ३.६च्या बाहेर सहसा जाणार नाही. त्यामुळे दरानुसार यादी लावली की वरचा आणि खालचा टोकाचा भाग दोन्ही लहान गावांनी भरतो आणि मोठी शहरं मधे. लहान गावं ग्रामीण, शहरं शहरी, मतं वेगळी. नकाशा भलतंच सांगू लागतो. यावर उपाय: लोकसंख्येचं वजन द्या, किंवा लहान गावांचे दर सरासरीकडे तितक्या प्रमाणात ओढून घ्या जितका त्यांच्या आकड्यावर भरवसा कमी आहे. अमेरिकेत इराक आणि अफगाणिस्तान मिळून सुमारे सात हजार सैनिक मेले आणि काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, आहेत तीन हजारांच्या वर. काउंटीमागे सरासरी दोन. दोन मृत्यूंवर काउंटीचा कल मोजताना हात आखडता घ्यायला हवा. डग्लस क्राइनर आणि फ्रान्सिस शेन यांनी २०१६च्या निवडणुकीवर नेमका हाच अभ्यास केला आणि हानी जास्त झालेल्या भागांत ट्रम्प यांच्याकडे मतं अधिक झुकल्याचं दाखवलं. अभ्यास गंभीर आहे, उत्पन्न आणि शिक्षण हिशेबात धरलेलं आहे. तरी तो आठवणी ताज्या असतानाचा, युद्ध चालू असतानाचा परिणाम आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मृतांना तो लागू करता येत नाही.

आता शेजारधर्माची अडचण. जिल्हे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. युरोपातल्या फ्रान्सच्या ९६ जिल्ह्यांपैकी शेजारचे जिल्हे पीक, पावसापासून धर्मापर्यंत एकमेकांसारखे, म्हणून ९६ नोंदी प्रत्यक्षात कितीतरी कमी स्वतंत्र नोंदींइतकीच माहिती देतात. अशा दोन सलग उतरत्या नकाशांत सहसंबंध जवळजवळ फुकट मिळतो. २०१९मध्ये मॉर्गन केली या अर्थशास्त्रज्ञाने 'जुन्या घटनेचा आजवर टिकलेला परिणाम' दाखवणारे अनेक गाजलेले अभ्यास घेतले आणि मूळ ऐतिहासिक आकड्यांच्या जागी निव्वळ काल्पनिक, पण तितकाच सलग गोंगाट, म्हणजे अर्थहीन आकडे, घातले. बऱ्याच ठिकाणी गोंगाटानेही आजचे आकडे तितकेच छान 'समजावून' दिले. तुम्ही हे घरच्या संगणकावर करू शकता. हानीच्या नकाशात अंतराबरोबर साम्य कसं कमी होतं ते मोजा, तशाच घडणीचे एक हजार काल्पनिक नकाशे तयार करा, प्रत्येकाचा आजच्या मतांशी सहसंबंध काढा. तुमचा खरा सहसंबंध त्या हजारात पहिल्या पन्नासांत येत नसेल तर तो विसरा. सर्वसाधारण समीकरण वापरत असाल तर निदान उरलेल्या त्रुटींचा मोरान निर्देशांक बघा; शेजारचे आकडे एकमेकांसारखे किती ते तो मोजतो. तो शून्याहून ठळकपणे वर असला तर छापून आलेली 'विश्वासार्हता' खोटी आहे.

सीमा बदलतात, हे बहुतेकांना माहीत असतं. लोकसंख्या बदलते, हे विसरलं जातं. फ्रान्सचे कम्यून, म्हणजे गाव-शहरांची सर्वांत लहान प्रशासकीय एककं, शतकभर जवळपास तसेच राहिले, म्हणून संशोधक फ्रान्सकडे धावतात. पश्चिम जर्मनीत १९६०-७०च्या दशकांत जिल्ह्यांची फेररचना झाली, पूर्व जर्मनीने १९५२मध्ये राज्यंच मोडून १४ विभाग केले आणि १९९०मध्ये पुन्हा राज्यं आली. जुने आकडे नव्या सीमांत टाकताना क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटले तर जंगलाला आणि शहराला सारखे मृत मिळतात. जुन्या गावांची लोकसंख्या धरून वाटा, किंवा दोन्ही काळांत न बदललेल्या मोठ्या एककापर्यंत वर जा.

पण आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्स्वाफला यातलं काहीच वाचवत नाही. १९४५पर्यंत ते ब्रेस्लाउ होतं, जर्मन शहर. मग जर्मनांना हाकललं गेलं आणि पोलंडच्या इतर भागांतून, आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या ल्विव्हसारख्या पूर्वेकडच्या प्रदेशांतून आलेले पोलिश लोक तिथे वसले. या शहराच्या नावावर किती मृत लिहायचे? भूमीचे म्हणाल तर ते जर्मन होते, त्यांचे वंशज जर्मनीत मतदान करतात. आजच्या मतदारांच्या पूर्वजांचे म्हणाल तर ती हानी शेकडो किलोमीटर दूर घडली. पोलंडच्या निवडणूक नकाशात जुनी जर्मन-रशियन-ऑस्ट्रियन फाळणी दिसते, हे लोक नेहमी दाखवतात आणि ते दिसतंही. पण पश्चिमेकडचा पट्टा वेगळा मतदान करतो याचं मोठं कारण तिथले लोक उखडून आणून वसवलेले आहेत: जुनी शेती नाही, जुनं पॅरिश, म्हणजे चर्चभोवतीचा समाज, नाही, पिढीजात शेजार नाही. पूर्वी जर्मन असलेल्या, आज रशियात असलेल्या कॅलिनिनग्राडचंही तेच.

उलट बाजूने, हानी समाजाचा एक थरच पुसून टाकते तेव्हा परिणाम आठवणींशिवायही टिकतो. रशियाच्या ज्या शहरांत नाझींनी ज्यू समाज मोठ्या प्रमाणात संपवला, तिथे सोव्हिएत संघ फुटल्यावर कम्युनिस्ट उमेदवारांना मतं जास्त मिळाल्याचं आढळलं. ज्यू तिथल्या मध्यमवर्गाचा मोठा भाग होते. तो थर गेल्यावर शहराची घडणच बदलली. मतदान करणाऱ्याला त्या हत्याकांडाची आठवण असायची गरजही नाही.

खात्रीने 'हो' म्हणता येतं ते बहुतेक नशिबाने वाटणी केलेल्या प्रसंगांत. पश्चिम युक्रेनमध्ये १९४०च्या दशकातल्या हद्दपाऱ्या रेल्वेजवळच्या गावांतून जास्त झाल्या, कारण माणसं मालडब्यांतून न्यायची होती. त्या गावांत सहा दशकांनंतरही रशियाधार्जिण्या पक्षांना मतं कमी पडली. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ला जन्मतारखांची सोडत काढून व्हिएतनामसाठी भरतीचा क्रम ठरला. खालचा, म्हणजे आधी बोलावलं जाण्याचा क्रमांक लागलेले तरुण पुढेही युद्धविरोधी आणि डेमोक्रॅट पक्षाकडे झुकलेले राहिले. इथे मरणही नाही, नुसती त्याची टांगती तलवार. आणि तीही सोडत काही निर्दोष नव्हती: महिन्यागणिक टाकलेल्या डब्या नीट ढवळल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांना खालचे क्रमांक जास्त लागले.

'कल' म्हणजे काय तेही आधी ठरवून टाका. अमेरिकेच्या दक्षिणेने गृहयुद्धात भयंकर माणसं गमावली, मग पाऊण शतकाहून अधिक काळ डेमोक्रॅटांना एकगठ्ठा मतं दिली आणि १९६०च्या दशकापासून रिपब्लिकनांकडे सरकत गेली. हानी बदलली नाही, पक्ष उलटला. त्याच दक्षिणेत पूर्व टेनेसीचा डोंगराळ भाग उत्तरेच्या बाजूने होता. तिथला दुसरा मतदारसंघ १८६०च्या दशकापासून आजपर्यंत रिपब्लिकनांनी सोडलेला नाही. दोन्हीकडे सैनिक मेले. फरक पडला तो कोणत्या बाजूने मेले यामुळे. पक्षाच्या नावाऐवजी मतदानाचं प्रमाण, एखाद्या सार्वमताचा निकाल किंवा सैन्याबद्दलची मतं घेतलीत तर तुलना जास्त टिकते. इटलीत गॉथिक रेषेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन संरक्षणरेषेच्या उत्तरेला, जिथे जर्मन ताबा जास्त लांबला, कम्युनिस्टांना जास्त मतं मिळत राहिली ती १९८०च्या दशकाच्या अखेरपर्यंत. १९९१मध्ये पक्षच विसर्जित झाला. आठवण वाहून नेणारी गाडी थांबली की पुढे मोजायला काही उरत नाही.

शेवटी न्यूफाउंडलँड, आज कॅनडात असलेलं पण तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातला स्वतंत्र कारभाराचा देश असलेलं बेट, कारण तिथे वरच्या सगळ्या चुका एकाच नकाशात करता येतात. १ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या बोमाँ-आमेलला तिथल्या रेजिमेंटचे सुमारे ८०० जण पुढे गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीला उभे राहिले ६८. सुरुवातीच्या तुकडीत सेंट जॉन्स शहरातले बरेच होते. १९४८च्या सार्वमतात सेंट जॉन्सचा भाग कॅनडात सामील होण्याच्या विरोधात गेला, दूरच्या मच्छीमार वस्त्या बाजूने, आणि ५२.३ विरुद्ध ४७.७ टक्क्यांनी सामीलीकरण जिंकलं. नकाशा हातात घेतला तर 'देशासाठी मेलेल्यांच्या शहराने देश सोडायला नकार दिला' अशी सुंदर गोष्ट तयार होते. प्रत्यक्षात शहरात आयरिश कॅथलिक आणि व्यापारी होते, त्यांचे हितसंबंध वेगळे. वस्त्यांना कॅनडाचा मुलांमागे मिळणारा भत्ता हवा होता. हानीचा खरा राजकीय परिणाम नकाशात न दिसणाऱ्या जागी आहे. रेजिमेंटचा खर्च आणि रेल्वे यांचं कर्ज देशाला पेलवलं नाही, १९३४मध्ये स्वराज्य गेलं आणि लंडनने नेमलेला आयोग कारभार पाहू लागला; १९४८चा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. तो परिणाम सगळ्या बेटावर सारखाच झाला, आणि सगळीकडे सारखा असलेला परिणाम दोन भागांच्या तुलनेत कधीच सापडत नाही.